खिडकीबाहेरून सांगितलेला सामना

लोरेन, ओहायो
२१ जून २०२०

प्रिय योलांडा,

तू आणि मुलं सुखरूप असाल अशी आशा आहे. जानेवारीच्या भूकंपात पडलेली तुमच्या स्वयंपाकघराची भिंत बांधून झाली का? इथे उन्हाळा लागला, पण सरोवराकाठी माणूस नाही. माझे गुडघे आहेत तसेच.

तुझ्या बाबांचं, नेस्तोरचं सामान मी शुश्रूषागृहातून घरी आणलंय. दोन खोकी भरली. टपालाने पाठवू की विमानं सुरळीत झाल्यावर तू येशील, ते कळव.

नाताळात तू फोनवर म्हणालीस, "बाबा मला ओळखत नाहीत, आणि तुम्ही त्यांना शनिवारी शनिवारी सह्या करायला नेता." मी फोन ठेवला होता. उत्तर द्यायला सहा महिने लागले.

तुला लहानपणापासून ठाऊक आहे, लोकांना आम्ही दोघं मिळूनच हवे असायचो. बेसबॉलच्या हंगामाचा शेवटचा सामना, माझा चेंडू, तुझ्या बाबांचा तो कुंपणापलीकडे गेलेला फटका. त्या क्षणाच्या फोटोत ते हात उंचावून धावताहेत आणि मागे मी मान खाली घालून उभा. लोक तो फोटो पुढे करायचे, त्यातल्या स्वतःच्या छातीवर ते सही करायचे, मी माझ्या पाठीवर. हॉटेलांचे हॉल, मोटारींच्या दुकानांची उद्घाटनं, गावोगावची छोटी मैदानं. मी मोठ्या संघात तीनच हंगाम टिकलो, त्यामुळे पेन्शन बसली नाही. घर चाललं ते या हजेऱ्यांवर. एकट्या हरलेल्याला कुणी बोलावत नाही गं.

शेवटी शेवटी नेस्तोरला तो फटका आठवेनासा झाला. सह्यांच्या टेबलाशी कुणी विचारलं की ते माझ्याकडे बघायचे, मग मी सांगायचो. लोकांना वाटायचं, काय खिलाडू वृत्ती आहे, हरलेलाच कौतुकाने सांगतोय.

मार्चमध्ये एका आठवड्यात सगळं बंद झालं. जुलैपर्यंतचे कार्यक्रम रद्द. शुश्रूषागृहाचं दारही बंद. मी किराणा बाजारात ढकलगाड्या पुसायचं काम धरलं. तोंडाला फडकं, त्यामुळे कुणी ओळखत नाही, ते एक बरं.

दुपारी काम सुटलं की मी नेस्तोरच्या खिडकीशी जायचो. तळमजल्यावरची खोली होती. डार्लीन नावाची परिचारिका खिडकी वीतभर उघडून द्यायची. ते आता मलाही ओळखत नव्हते. पण मी सामना सांगायला लागलो की हातातला चमचा खाली ठेवायचे. मग मी रोज पहिल्यापासून सांगायचो. वारा कुठून होता, कोण कुठे उभा होता, प्रेक्षकांत कुणाची टोपी उडाली. गोष्टीतले तुझे बाबा जिंकले की ते टाळ्या वाजवायचे, दुसऱ्या कुणासाठी वाजवाव्यात तशा.

मेच्या शेवटच्या रविवारी गोष्ट संपल्यावर त्यांनी मला विचारलं, "त्या चेंडू टाकणाऱ्याचं पुढे काय झालं?"

मी म्हटलं, "आहे. बरा आहे."

"भेटला तर सांगा त्याला, चेंडू चांगला होता. माझ्या बॅटवर बसला, एवढंच."

एक्केचाळीस वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनीही नाही. मी भिंतीला पाठ टेकून खाली बसलो. डार्लीनने विचारलं, चक्कर आली का. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना ताप आला. तिसऱ्या दिवशी पडदा ओढलेला होता. पुढचं तुला डॉक्टरांनी कळवलंच. डार्लीन शेवटपर्यंत हात धरून होती. तिने स्वतः मला सांगितलं, म्हणून लिहितोय.

इथवर लिहून पत्र संपवणार होतो. दोनदा संपवलंही आणि फाडलं.

योलांडा, त्यांचा हा विसरण्याचा आजार आम्हाला दोन वर्षांपूर्वीच कळला होता. डॉक्टरांकडे मीच त्यांना गाडीतून नेलं होतं. परतताना नेस्तोर म्हणाले, "माझ्याने पोरीला सांगवणार नाही. तू सांग. तिला म्हणावं, मी ओळखतोय तोवर ये."

मी हो म्हटलं. पुढच्या शनिवारी क्लीव्हलंडला कार्यक्रम होता. म्हटलं, तो होऊ दे. मग दुसरा आला. तू आली असतीस तर त्यांना पोन्सेला तुझ्या घरी घेऊन गेली असतीस, आणि टेबलापाशी मी एकटा उरलो असतो. म्हणून मी सांगितलं नाही. ते दर महिन्याला विचारायचे, कळवलंस का? मी म्हणायचो, कळवलं, तिला सुट्टी मिळत नाहीये. एक दिवस त्यांनी विचारणं सोडलं.

तू आली नाहीस असं मनात धरून ते विसरत गेले. ही माझी करणी आहे. ही साथ आली नसती, कार्यक्रम बंद पडले नसते, तर मी आजही तुला लिहिलं नसतं, हेही खरं.

माफी मागायला तोंड नाही. तू लहानपणी मला काका म्हणायचीस. सहीत तो शब्द घालायचं धाडस होत नाही.

वॉल्टर गब्रिश