दाणा कोण भरतं

२४ सप्टें. ८३, शनि.
भात निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या. गोरेगावच्या प्लॉटवर आज दिवसभर लोंब्यांना काळ्या कागदाच्या पिशव्या बांधल्या. लॅबच्या बाईंचा प्रयोग. काही रोपांची लोंबी झाकायची, काहींचं सगळ्यात वरचं पान कापायचं, काहींची खालची पानं. एका ओळीला काहीच करायचं नाही, तशीच ठेवायची.
बाई म्हणाल्या, "विष्णू, दाणा कोण भरतं सांग?"
म्हटलं पाऊस. हसल्या.
"अरे, हिरवं असेल ते सगळं उन्हावर अन्न करतं. पान करतं, काडी करते, लोंबीचं हिरवं टरफलसुद्धा थोडं करतं. किती थोडं, तेच बघायचंय."
आमच्या गावी हे कोणी विचारत नाही. भात होतं. झालं.

२६, सोम.
खोलीवरचा सदा पलीकडच्या सिनेमाच्या स्टुडिओत लाइट उचलतो. कुंपणावरून ओरडला, "काय रे, भाताला झबली शिवतोस?" त्याच्याबरोबरचे सगळे फिदीफिदी. हसा.
हॉटेल सोडलं, खारदांड्याला बर्फ फोडायचं सोडलं, चारकोपचा कारखाना सोडला. ही पहिली जागा जिथून पळावंसं वाटत नाही. प्रयोग नीट पार पडला तर बाई कायमसाठी लॅबच्या मोठ्या साहेबांकडे माझं नाव टाकणार. स्वतः म्हणाल्या. नाहीतर हंगाम संपला की सुट्टी. मग गाव. गावात काय

७ ऑक्टो.
वरचं पान कापलेल्यांच्या लोंब्या ताठ उभ्या, वजनच नाही. झाकलेल्या वाकल्यात. बाईंना सांगितलं तर, "घाई नको, वजन करू तेव्हा कळेल." खालच्या पानांचं विचारलं. सावलीत पडलं की पान करतं कमी, खातं जास्त, म्हणाल्या. खोलीवर येईपर्यंत तेच डोक्यात.

२१, शुक्र.
नव्याची पुनव. गावी आज दाराला नवं बांधतात. नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, झेंडू. मुंबईत आल्यापासून कधी बांधलं नाही, हॉटेलात कुठलं भात? आता हाताखाली उभं आहे तर का नाही.
पिशवीवाल्यांना हात लावला नाही. पानं कापलेल्यांनाही नाही. ज्या ओळीला काही केलं नव्हतं तिच्यातल्या घेतल्या, सगळ्यात भरलेल्या निवडून. देवाला पोचट चालत नाही. एक जुडी खोलीला, एक बाईंच्या लॅबच्या दाराला. झकास दिसत होती. बाई आज रजेवर. उद्या बघतील.

२२, शनि.
वाट लागली.
बाई दारात आल्या, आधी हसल्या. "अय्या, नवं!" मग जुडी हातात घेऊन, "कुठल्या ओळीतलं?"
सांगितलं. पायरीवरच बसल्या.
"अरे, बाकी सगळं त्या ओळीशी ताडायचं होतं. साधं भात किती भरतं तेच कळलं नाही, तर झाकल्यामुळे किती कमी झालं हे कसं सांगू मी?"
म्हटलं ओळीत अजून आहेत की.
"भरलेल्या तू नेल्यास. उरल्या त्या बारीक. त्यांच्यापुढे माझ्या झाकलेल्याच चांगल्या दिसतील."
दोन्ही जुड्या परत आणतो म्हटलं.
"कुठली लोंबी कुठल्या रोपाची, सांगता येईल?"
नाही.
त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. साहेब ओरडले. "देवधर्म घरी कर, कळलं? इथे नाही."

२४, सोम.
कापणी. बाईंनी तरी सगळ्याचं वजन केलं. मोकळ्या ओळीच्या रकान्यावर आडवी रेघ मारली. कायमचं विचारायला मला तोंड नाही, त्यांनीही विषय काढला नाही.
एक पिशवी सोडून बघितली. आतली लोंबी पांढरट, आजाऱ्यासारखी. दाणा चावला. भरलाय. पण उन्हातली असती तर आणखी किती भरला असता, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. माझ्यामुळे.
सदा म्हणाला, "सोड ना यार. स्टुडिओत ये, लाइट उचल. तिथे देवळं पण पुठ्ठ्याची, काय तोडलंस तरी कोण रडत नाही." चहा त्यानेच पाजला.

२९, शनि.
थंडीत कुंड्यांत गहू लावणार. बाई साहेबांना सांगत होत्या, गव्हाचं कुसळसुद्धा हिरवं असतं तोवर अन्न करतं, यंदा ते कापून बघू. मी तिथेच माती चाळत होतो. माझ्याकडे बघितलं नाही.
जाताना साहेब म्हणाले, "विष्णू, मंगळवारी नवीन माणूस येतोय. त्याला पिशवी बांधायला शिकव."
माझ्या जोडीला की माझ्या जागी, बोलले नाहीत. बाईंकडे बघितलं. त्या बी निवडत होत्या.
उभा गहू मी कधी बघितलेला नाही. आमच्याकडे होत नाही. कुसळ कापायला कात्री कुठली घ्यायची, एवढं विचारायचं होतं. विचारलं असतं तर मी राहणार की नाही, ते त्यांना बोलावं लागलं असतं. नाही विचारलं.