साक्षीदारास प्रत

२८ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण तेच, दर डिसेंबरातलं. स्वतःचे दोष स्वतःला दिसत नाहीत, म्हणून नव्या वर्षाचे संकल्प भावाचे बहिणीने करायचे आणि बहिणीचे भावाने. प्रत एका साक्षीदाराला द्यायची, म्हणजे पळवाट राहत नाही. बाबा गेले, त्यांचा नियम राहिला. गेल्या वर्षी तू मला ‘कमी बोलणे’ हा एकच संकल्प दिलास आणि साक्षीदार म्हणून माझ्या नवऱ्याला नेमलंस. त्याचं वर्ष मजेत गेलं.

तुझे यंदाचे संकल्प दोन. पहिला: वहिनीच्या चहाला नावं ठेवायची तर कप अर्धा ठेवावा. सगळा पिऊन नावं ठेवू नयेत.

दुसरा: मार्चअखेर लिफ्टच्या शाफ्टात उतरणं बंद करावं. तुझा उजवा हात थरथरतो. गेल्या महिन्यात आमच्याकडे जेवायला आलास तेव्हा तू सगळं जेवण डाव्या हातात चमचा धरून जेवलास आणि उजवा मांडीवर दाबून ठेवलास. दवाखान्यात मी रोज वीस जणांकडून हातांचे व्यायाम करून घेते. हात लपवणारी माणसं मला दारातूनच कळतात. लिफ्टच्या टपावर उभं राहून ब्रेक कसणाऱ्याचा हात असा चालत नाही. तुझ्या पायाखाली माणसं असतात.

वहिनीला साक्षीदार करण्यात अर्थ नाही. ती तुझ्यापुढे ब्र काढत नाही. म्हणून प्रत तुझ्या साहेबांना पाठवली आहे, याच टपालाने.

वहिनीला नमस्कार. चिडशीलच. चिडून झालं की लोभ असू दे.

तुझी
धाकटी


५ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. आ., पद्धत म्हणून.

तुझी प्रत साहेबांना मला पत्र मिळायच्या एक दिवस आधी मिळाली. मला बोलावलं तेव्हा कशाबद्दल ते मला ठाऊक नव्हतं, त्यांना होतं. त्यांनी मला हात पुढे करायला सांगितलं आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. तीन कारकून बघत होते. कागद हलला. साहेबांनी उठून खिडकी लावली. तरी हलत राहिला.

सव्वीस वर्षं मी शाफ्टात उतरतोय. दोन बोटांच्या फटीतून मला दोर ओला आहे की कोरडा ते कळतं. आता डॉक्टरचा दाखला येईपर्यंत मला फोनपाशी बसवलंय. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं ओरडतात आणि मी त्यांना सांगतो की घाबरू नका, लिफ्ट अशी पडत नसते. काल एका बाईंनी विचारलं की तुम्हाला लिफ्टमधलं काय कळतं. उत्तर द्यायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

साक्षीदार घरचा असतो, हा बाबांचा नियम तू सोयीने विसरलीस. पण ही तुझी जुनी खोड आहे. घरातली गोष्ट घरात न बोलता बाहेरच्या वरिष्ठाला लेखी कळवायची. तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या मुलीच्या वसतिगृहाच्या बाईंना असंच पत्र धाडलंस. तिची खोली गेली आणि तुझी मुलगी तुला तुटली.

तेव्हा तुझा यंदाचा संकल्प: जानेवारीच्या एकतीस तारखेच्या आत भाचीची माफी मागावी. साक्षीदार भाची स्वतः. प्रत रवाना.

लोभाबद्दल सध्या काही लिहीत नाही.

दादा


१४ जानेवारी

ती. दादास,
न. वि. वि.

रविवारी ती आली. बसली नाही. तुझं पत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, मामाने तारीख नेमून दिल्यावर मागितलेली माफी मला नको. तिच्या आवडीचं काही करावं म्हणून मी गॅस पेटवला होता. तो बंद करून वळेपर्यंत ती जिना उतरली होती. तीन वर्षांनी माझी मुलगी सहा मिनिटं माझ्या घरात होती, आणि ती सहा मिनिटं तुझी देणगी.

तुझा नेम चांगला आहे. हात थरथरत असूनही.

पण एक फरक लक्षात घे. मी लिहिलं ते कुणी मरू नये म्हणून, तू लिहिलंस ते मला लागावं म्हणून. दोन पानं मला शिव्या घातल्यास. त्यात तुझा हात थरथरत नाही, असं एकही वाक्य नाही. मी दोनदा शोधलं.

संकल्प मान्य की अमान्य, हे महिन्याच्या आत कळवायचं असतं. हाही बाबांचाच नियम. माझा संकल्प अमान्य. माफी मी मागेन, पण तुझ्या तारखेला नाही.

वहिनी फोनवर रडत होती. तिला निदान तू ओरडू नकोस. तिने मला काहीच सांगितलं नव्हतं.

कळावे. लोभ तुला परवडेल तेवढा.

धाकटी


२७ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

डॉक्टरने दाखला दिला. कंप आहे, किरकोळ आहे, साहेबांची हरकत नसेल तर काम करावं. साहेबांनी हरकत घेतली नाही. मंगळवारी मी टकल्याबरोबर वर गेलो. टकल्या म्हणजे माझा कामावरचा जोडीदार, गेली एकोणीस वर्षं. तू त्याला एकदा आमच्या दारात पाहिलंयस, तुला तो भाजीवाला वाटला होता.

नऊ मजली इमारत. ब्रेकचे नट मी कसले. हात मला उत्तम वाटला. खाली उतरलो, तर टॉर्च वर राहिलेला. घ्यायला परत चढलो. टकल्या माझ्या कसलेल्या नटांवरून स्वतःचा पाना फिरवत होता. चारांपैकी एक नट पाव फेरा फिरला. मी पाहिलं.

विचारलं तेव्हा आधी सवय म्हणाला. मग म्हणाला, आठ महिने झाले. रोज, मी उतरल्यावर. कुणाला बोलला नाही, मलाही नाही. सांगून तू जाणार कुठे होतास, असं मलाच विचारलं. मला तुम्हा दोघांना थोबाडीत द्यावीशी वाटली. तो जवळ होता. पण लिफ्टच्या टपावर तेवढी जागा नसते.

दुसरा संकल्प मान्य. मार्चपर्यंत थांबलो नाही, साहेबांना त्याच दिवशी मी स्वतः सांगितलं. पहिला अमान्य.

तू बरोबर होतीस. हे नवऱ्याला वाचून दाखवू नकोस. जेवायला आलो होतो तेव्हा तू माझ्यासमोर बसली होतीस, तुला सगळं दिसलं होतं, आणि तू मला भात हवा का एवढंच विचारलंस. ते मी विसरणार नाही.

फोनपाशी बसतो. टकल्याला अजून जोडीदार दिलेला नाही. आज तो बारा मजली इमारतीत एकटा उतरलाय. माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे, आणि त्याच्या नटांवरून पाना फिरवायला कोणी नाही. दुपारचे दोन वाजलेत. त्याने एक वाजता फोन करायचा होता.

आहे तेवढा लोभ राहू दे. वाढवू नकोस.

दादा