छिन्नीच्या खाचेखाली

४ मार्च

चि. भाऊजी यांस अनेक आशीर्वाद.

लेकीबरोबर दगड पाठवते आहे. आमच्या खिडकीतला, वर्तमानपत्रं दाबायचा. तुमच्या दादांनी तो खाणीतून आणला, तेव्हा याचं नाव विचारायचंय म्हणाले होते. ते राहूनच गेलं. परवा वाचनालयातून खडकांवरचं पुस्तक आणलं. निम्मं डोक्यावरून गेलं, पण ही आठवण जागी झाली. तुम्ही संग्रहालयात जन्मभर दगड कापताय, वहिनीच्या एवढे तरी उपयोगी पडा! फक्त याला कापू नका. त्यावर त्यांच्या छिन्नीची खाच आहे. माझा अंगठा तिच्यात बरोबर बसतो.

लोभ आहेच, तो उत्तरातही दिसू द्या.

तुमची वहिनी

११ मार्च

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

दगड पोचला. खरं सांगा, लिंबानं घासत होतात ना? या जातीवर काळं कवच असतं, त्यावरूनच आम्ही ओळखतो. तुम्ही त्याचं पितळेचं पातेलं केलंत! आमच्या संग्रहालयाच्या साहेबांनी साधा दगड म्हणून बाजूलाच ठेवला होता. मी पाणी लावलं, तर खाचेखाली मधासारखं काही चमकलं. लिथियमचं दुर्मीळ फॉस्फेट असावं, पण खात्री कापल्यावरच. आणि पातं खाचेतूनच जाणार. नको म्हणालात तर दगड तसाच परत येईल, बिननावाचा. यंत्र बंद ठेवलंय.

रागावलात तरी लिहा.

आपला धाकटा दीर

१७ मार्च

चि. भाऊजींस आशीर्वाद.

अहो, ते काळं मी खाणीचा मळ समजले! खाणीतून घरी येई ते सगळंच काळं. सदरा घासला, डबा घासला, दगडही घासला. दगडालासुद्धा सोडत नाहीस म्हणून हे हसायचे.

खूप विचार केला. त्यांचा हात उमटलेली तेवढीच एक जागा उरली आहे. पण त्यांना नाव हवं होतं हो.

कापा. मात्र मी आल्याशिवाय बटण दाबू नका.

तुमची वहिनी

२ एप्रिल

चि. भाऊजींस आशीर्वाद.

सुखरूप पोचले. पातं फिरत होतं तोवर मी डोळे मिटून होते, तुम्ही हाक मारलीत तेव्हा उघडले. गुलाबी मध थिजावा तसा रंग! पातळ चकती दिव्यासमोर धरलीत आणि ती आरपार उजळली, तेव्हा तुमचे साहेबही वाकून बघू लागले. मग त्यांनी सांगितलं ते अजून मनातून जात नाही. ग्रॅनाइटचा तप्त रस थिजताना जे कुठल्याच खनिजात सामावलं नाही, ते शेवटच्या उरलेल्या रसात साठत गेलं, आणि त्यातून हे झालं. बघायला कुणाचा डोळा नव्हता, तेव्हापासून हा रंग अंधारात होता. आणि मी त्याच्याखाली कालची वर्तमानपत्रं दाबत होते.

लिथिओफिलाइट. गाडीत पाठ करत आले. घरी यांच्या फोटोसमोर एकदा अडखळत म्हटलं, मग एकदा नीट.

माझ्या वाटणीच्या तुकड्यावर अर्धी खाच आली आहे. अंगठा आता तिच्यात बसत नाही. टेकतो.

लिंबू लावणार नाही, काळजी नसावी. माया अशीच असू द्या.

तुमची वहिनी