अमावास्येला न उघडलेलं दार

आबा, तो आपला खेळ मला परत मिळाला. शेवटचा भाग. आता त्याला सीडीसुद्धा लागत नाही, घरबसल्या लॅपटॉपवर उतरवून घेता येतो. समुद्राकाठचं ते शहर, पांढरी घरं, बंदरावरची मासळीवाली आणि कमरेला तलवार लावून उभा असलेला आपला माणूस. त्याला खेळात काय नाव होतं ते तुम्ही कधी विचारलंच नाही, कायम 'आपला माणूस' म्हणालात. चित्रं आता अगदीच ओबडधोबड दिसतात. तुमचे जावई हसले, म्हणाले, या वयात तलवारी काय फिरवतेस. मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं.

जळगावची ती डाळमिल महिन्यातून एकदाच बंद असायची, अमावास्येला. तुम्ही मिलचे मिस्त्री, त्यामुळे सुट्टी बाकीच्यांना. तुम्ही सकाळी यंत्रांना तेलपाणी करायचं, नारळ फोडायचा आणि दिवसभर राखण करायची. शेठजींच्या ऑफिसात बिलांसाठी घेतलेला कॉम्प्युटर होता आणि त्यांच्या पुतण्याने परदेशी जाताना मागे ठेवलेले खेळ होते. मी तंत्रनिकेतनात शिकत होते. पोरीचा कॉम्प्युटरवर हात बसावा म्हणून तुम्ही शेठजींना विचारलंत. पोरीच्या जातीला मिलमध्ये कशाला नेतोस, असं आत्या म्हणाली, तेव्हा तुम्ही वाद घातला नाहीत, नुसती सायकल बाहेर काढलीत आणि मला मागे बस म्हणालात. आज माझं पोट ज्या कामावर चालतं त्याची सुरुवात त्या सायकलच्या कॅरिअरवर झाली, हे तुम्हाला तोंडावर सांगायचं राहूनच गेलं.

मी खुर्चीत, तुम्ही शेजारी स्टुलावर, शर्टावर डाळीची भुकटी. पडद्यावर इंग्रजी अक्षरं येतात, मी ती वाचून आपल्या बोलीत सांगते, आणि काय करायचं ते तुम्ही ठरवता. एका भागात कमावलेली ताकद आणि नाव घेऊन आपला माणूस पुढच्या भागात जायचा, हे तुम्हाला फार आवडलं होतं. लोक असले खेळ राक्षस मारायला खेळतात. तुम्ही खुशाली विचारायला खेळायचात. गावात शिरलं की आधी लोहार, मग म्हातारा पहारेकरी, मग मासळीवाली, सगळ्यांशी बोलल्याशिवाय पुढे जायचं नाही. मासळीवालीचं पोर आजारी होतं, आपण त्याला औषध आणून दिलं. खेळापुरतं तिचं काम तिथे संपलं होतं. पण तुमचं आपलं दर वेळी, 'तिले इचार, पोरगं कसं शे.' ती बिचारी दर वेळी तेच एक वाक्य बोलायची, आता बरं आहे. आणि तुम्ही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे खूश व्हायचात.

त्या वर्षी माझं लग्न ठरलं. पुण्याला जायच्या आधी हा शेवटचा भाग संपवायचाच, असं मी मनाशी धरलं होतं. आपण देवळाखालच्या त्या दगडी दारापर्यंत पोचलो. दारामागे आग ओकणारा राक्षस, त्याला मारलं की खेळ खलास. मी दार उघडणार, तेवढ्यात तुम्ही विचारलंत, 'येना पुढे आखो भाग शे का?' मी म्हटलं, नाही आबा, हा शेवटचाच.  तुम्ही डबा उघडलात, कळण्याच्या भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवलात आणि म्हणालात, 'आज अमावस शे, माय. आज नवं काम धरानं नही.'

मी केवढी वैतागले होते. अहो, आपल्याला कॉम्प्युटर मिळतो तोच मुळी अमावास्येला. पण वडिलांपुढे बोलायची सोय नव्हती. आपण त्या दारातून मागे फिरलो आणि गावात हिंडत बसलो. पुढच्या अमावास्येलाही तेच. मग लग्न झालं, मी पुण्याला आले, मिलमध्ये नवा कॉम्प्युटर आला आणि जुन्याबरोबर खेळही गेला. काही वर्षांनी तुम्हीही गेलात. आपल्या आबांनी एका खुळ्या समजुतीपायी शेवट बघू दिला नाही, ही चुटपुट मला इतकी वर्षं होती.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा त्या दारापाशी आले आणि हात थांबला. आबा, आधीच्या सगळ्या भागांचे शेवट आपण अमावास्येलाच तर केले होते. मिल दुसऱ्या कुठल्या दिवशी बंद असायचीच नाही. राक्षस पडला की सकाळच्या नारळाचं खोबरं तुम्ही मला प्रसाद म्हणून द्यायचात, तेव्हा कुठे अमावास्या आड आली? ती आड आली ती, पुढे भाग नाही असं मी सांगितल्यावर. त्या दाराच्या पलीकडे माझं लग्न होतं. तुम्हाला ते सांगता येत नव्हतं, म्हणून तुम्ही अमावास्या पुढे केलीत. स्वयंपाकघरात येऊन मी खूप रडले, आणि खरं सांगू, फार बरं वाटलं. आपल्याला कुणीतरी इतकं धरून ठेवू पाहत होतं, हे या वयात कळणं ही काय लहान गोष्ट आहे?

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, ते इथेच राहील. फक्त एक सांगायचंय. आज संध्याकाळी मी परत खेळायला बसले. आपला माणूस बराच वेळ दारासमोर उभा आहे, हे तुमच्या जावयांनी पाहिलं आणि विचारलं, आत का जात नाहीस? मी पटकन बोलून गेले, आज अमावस शे.

गॅसवर कोजागरीचं दूध आटत होतं. त्यांनी दुधाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते दूध ढवळायला गेले. मी आपल्या माणसाला दारातून वळवलं आणि बंदरावर नेलं. पोरगं बरं शे, आबा.