मोठा टर्बो परत नेतेय

बाबा,

दादाच्या गाडीसाठी तुम्ही मागवलेला मोठा टर्बो मी दुकानात परत नेतेय. रागावू नका. खोकं फोडलेलं नाही, बदलून मिळेल.

तुमच्या मनात काय आहे ते मला कळतं. तुम्ही त्याला मोठा टर्बो बसवू दिला नाहीत, त्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं, आणि ते सुरू व्हायच्या आतच तापाचं निमित्त होऊन तो गेला. आता तरी त्याच्या मनासारखं व्हावं, असंच ना?

पण काल त्याची वही सापडली. त्यात मोठा टर्बो त्यानेच खोडून लहान लिहिलाय. खाली लिहिलंय, "मोठा उशिरा जागा होतो आणि मग एकदम झटका देतो. बाबांची कंबर सोसणार नाही. लहान अलगद ओढतो." त्याखाली पेट्रोलचा पंप आणि इंजेक्टर. ते आधी बसवायचे, नाहीतर टर्बोने इंजिनात ढकललेली हवा जास्त, पेट्रोल कमी आणि पिस्टन जळून जायचा. वाक्य तुमचंच आहे, अगदी तुमच्या शब्दांत.

पंप मी आल्यावर बसवते, तुम्ही वाकू नका. पोळीभाजी झाकून ठेवलीय, खरंच जेवा.

आणि जमलं तर गाडीत जाऊन बसा. ड्रायव्हरशेजारची सीट त्याने तुमचे पाय मावतील इतकी मागे सरकवलीय. मी ती हलवलेली नाही.