साहेबरावला सोडणार नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
दुपारी मोबाइलवर जुना जपानी सिनेमा बघितला. नवऱ्याच्या खुनाचा सूड घ्यायला एक बाई सात वर्षं तलवार शिकते. नेट संपलं, शेवट राहिला. शेवटाची गरज नाही. काय करायचं ते कळलं.
माझ्या नवऱ्याची, समाधानची, उजव्या हाताची चार बोटं चाकणला कारखान्यात पत्र्याच्या प्रेसमध्ये गेली, त्याला दोन महिने झाले. मशीन खराब होती. रिपोर्टातच लिहिलंय. सुपरवायझर साहेबराव. त्याला सोडणार नाही. उद्यापासून पहाटे पाचला सराव.

४ नोव्हेंबर
सातला उठले. थंडी होती. गॅलरीत छत्री फिरवली. शेजारच्या छबूबाई ओरडल्या, पाल आहे का गं मिनल, की झुरळ?
जपानी बाईला शेजारी नव्हते.

७ नोव्हेंबर
पाठीत उसण. सराव बंद. तीही मधे विश्रांती घेत असणारच.
समाधान डाव्या हातानं शर्टाची बटणं लावत बसला होता. अर्धा तास. मला हात लावू दिला नाही. साहेबरावचं नाव काढलं की गप्प होतो. घाबरतो बिचारा.
बोटं गेली त्या दिवशी मी समाधानला एकदाच फोन केला होता. दळण आणायची आठवण करायला.

९ नोव्हेंबर
सुरीला धार लावून आणली. बुधवारी जायचं.
फोन खरं तर दोनदा केला. पहिल्यांदा उचललाच नाही, मग काय करणार?

१२ नोव्हेंबर, बुधवार
पर्समध्ये सुरी घेऊन मोशीला साहेबरावच्या घरी गेले. घरात पूजा. रुमाल काढताना सुरी दिसली. त्याची आई, अंबुबाई, खूश. अगंबाई, सुरी घेऊनच आलीस! बस, आमच्या एकीला धार असेल तर शपथ.
तीन किलो कोबी चिरला.
साहेबराव आला. मला बघून हात जोडले. जिन्यात नेऊन हळूच म्हणाला, ताई, मशीन खराब असं मीच लिहिलं. खरं लिहिलं असतं तर त्याची भरपाई अडकली असती. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली येते. समाधाननं एका बटणात नट अडकवला होता. दुसऱ्यावर डावं कोपर. डाव्या हातात फोन, उजवा हात प्रेसखाली.
फोन कोणाचा, ते तो बोलला नाही. मीही विचारलं नाही.

१३ नोव्हेंबर
पाच वेळा केला होता. चार वेळा त्यानं कापला. पाचव्यांदा उचलला, आणि मी दळणावरून ओरडत असतानाच बंद झाला. वाटलं, मुद्दाम ठेवला. म्हणून सहाव्यांदा लावला.
समाधानला विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाला, साहेबरावला शिव्या देताना तू निदान दोन घास जेवत होतीस.
मग डाव्या हातानं मोबाइल पुढे केला. नेट आलंय, सिनेमाचा शेवट लावू का?
नको म्हटलं. गिरणी बंद होईल. दळणाचा डबा उचलला.
फोन घरीच ठेवला.