काळी एकचा सूर

अण्णा, मागच्या आठवड्यात मी तुमची पेटी उघडली. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. इतकी वर्षं ती काउंटरमागच्या फळीवर कापडाखाली झाकून होती आणि विचारेल त्याला मी 'ती विकायची नाही' एवढंच सांगत आले. एका शाळेचे सर फारच मागे लागले, तेव्हा उंदरांनी भाता खाल्लाय असं धडधडीत खोटंही सांगून झालं. भाता अगदी शाबूत आहे. तुमच्या वस्तूंच्या वाटेला उंदीरसुद्धा जात नाहीत.

आपलं वाद्यांचं दुकान आहे तिथेच आहे, स्टँडकडून कोर्टाकडे जाताना डाव्या हाताला. मागे स्वयंपाकघर, पुढे दुकान, मधे तोच पडदा. फोडणी दिली की गिऱ्हाईक अजून ठसकतं. शाळा आता कीबोर्ड मागतात, पण परिपाठाला अजून पेटीच लागते, त्यामुळे जून लागला की तीर्थपुरीकडच्या, घनसावंगीकडच्या शाळांच्या पेट्या एसटीच्या टपावरून नाही तरी कोणाच्या तरी मोटारसायकलवर बांधून येतातच. ऑगस्टच्या आधी लेझीम आणि ढोल, एप्रिलच्या आधी गायन पार्ट्यांची गडबड. संगीताच्या परीक्षेला बसणारी पोरं वर्षभर येत राहतात, तासभर बासऱ्या फुंकून बघतात आणि आईला विचारून येतो म्हणून निघून जातात. तुम्ही त्यांना फुंकू द्यायचा, मी थोडी ओरडते.

तुमची कामाची पद्धत मला अजून डोळ्यांसमोर दिसते. शाळेची पेटी आली की तुम्ही आधी तिला हातच लावत नाही. आधी आपली पेटी पुढे ओढता, भाता हलवता, काळी एक, म्हणजे पहिली काळी पट्टी, दाबून धरता आणि डोळे मिटता. "आधी ही, मंग ती," म्हणता. जालन्याच्या ज्या उस्तादांकडे तुम्ही हे काम शिकलात, त्यांनी त्या पेटीची काळी एक स्वतःच्या हाताने लावून दिलेली होती आणि बजावलं होतं, "इस सुर कू हात नक्को लगाव. बाकी सब इसीच से." त्यामुळे आपल्या पेटीचे बाकीचे सगळे सूर तुम्ही काळी एकवरून लावायचे आणि तालुक्यातल्या सगळ्या पेट्या आपल्या पेटीवरून. बासऱ्यांचा गठ्ठा आला की एकेक फुंकून तिच्याशी जुळेल तीच बासरी शाळेच्या पोरांसाठी बाजूला निघायची. बाकीच्या जत्रेतल्या खेळणीवाल्याला.

आता ते सांगते, जे सांगायला बसले आहे. मी अकरा वर्षांची होते. मे महिन्याची सुट्टी होती. तुम्ही मला एक बारीक कानस दिली होती, माझी स्वतःची, आणि सराव करायला एका मोडक्या पेटीतली पितळेची जीभ. पट्टी दाबली की खाली हीच जीभ थरथरते आणि सूर निघतो, हे तुम्ही दाखवलंत. टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो, हेही. मी घासून दाखवलं तर म्हणालात, "हात हलका हाय तुझा." तुम्ही कोणाचं कौतुक करणारे नव्हता, त्यामुळे ते वाक्य माझ्या डोक्यात चढलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पेटी पोचवायला तीर्थपुरीला गेला होता, आई आत शेवया वळत होती. मोडक्या जिभेवर काय सराव करायचा, असं मला वाटलं. मी तुमची पेटी उघडली आणि जी पट्टी तुम्ही कायम दाबता, तिचीच जीभ काढली. मुळाशी पाच-सहा वेळा कानस फिरवली. हलक्या हाताने. मग होती तशी बसवली, स्क्रू आवळले आणि कापड घातलं. आईने आतून विचारलं, "काय करून राह्यली तिथं?" मी म्हटलं, झाडून काढून राह्यले.

सकाळी तुम्ही पेटी ओढली, काळी एक दाबली, मग दुसऱ्या पट्ट्या दाबल्या आणि कपाळाला आठी घातली. "सगळेच सूर चढले. ऊन लई हाय औंदा." एकच सूर उतरलाय असं तुमच्या मनात आलंच नाही, कारण तो सूर चुकू शकत होता असं तुम्ही कधी धरलंच नव्हतं. आठ दिवस बसून तुम्ही पेटीचे बाकीचे सगळे सूर खाली आणलेत. मी शेजारी बसून स्क्रू-ड्रायव्हर देत होते. भीती होती, पण तुम्ही दुरुस्त करताय म्हणजे दुरुस्त होणार, अशी समजूतही होती. पेटी पुन्हा गोड वाजायला लागली आणि मी सुटले असं समजून विसरूनही गेले. पुढची नऊ वर्षं आपल्याकडून गेलेली प्रत्येक पेटी आणि प्रत्येक बासरी त्याच उतरलेल्या सुरावर गेली. सगळा तालुका एकमेकांशी सुरात होता, म्हणून कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

मग तीर्थपुरीच्या शाळेचे संगीताचे सर आले. मी कॉलेजातून नुकतीच आले होते, पडद्याआड जेवत होते. त्यांनी बासरी काउंटरवर ठेवली. आवाज चढवला नाही. "अण्णा, बासरी तुमच्याकडचीच हाय. जालन्याला स्पर्धेत पोरगी फुंकून राह्यली, तिथला पेटीवाला वाजवून राह्यला, अन् दोघाचं जमंना. पोरगी मधीच थांबली अन् रडत खाली उतरली. वर्षभर घासलं व्हतं तिनं." तुम्ही म्हणालात, "तिथली पेटी बिघडलेली असंल." सर म्हणाले, "दुसऱ्या तालुक्यांच्या शाळांचं बराबर जमलं."

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोन बासऱ्या पिशवीत घालून जालन्याला गेलात. संध्याकाळच्या गाडीने परत आलात, चहा घेतलात आणि आईला म्हणालात, "तीन दुकानात बघितलं. तिन्हीकडं पेट्या एका सुरात, आपल्याच बासऱ्या उतरलेल्या. आपल्या पेटीचा सूर उस्तादाचा हाय, तो तर हलत न्हाई. मंग मीच चुकीचं ऐकून राह्यलो. कान गेला माझा." आई म्हणाली डॉक्टरला दाखवा. दाखवलंत. डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत. त्यावर तुम्ही म्हणालात, "त्याला घंटी ऐकू येती का तेवढं बघायचं असतं. सूर कुठं बघतो तो."

जालन्याहून येऊन तुम्ही कान गेला म्हणालात, त्याच क्षणी मला सगळं कळलं होतं, अण्णा. चहाचा कप माझ्या हातात होता. एका वाक्याचं काम होतं. पण मी विचार केला, आज दमलेत, उद्या सांगू. उद्या गिऱ्हाईक होतं. परवा तुम्ही कानशी आणि चिमटे कापडात गुंडाळून माझ्यासमोर ठेवलेत आणि म्हणालात, आता तू बघ. त्यानंतर सांगायचं म्हणजे इतके दिवस का नाही सांगितलं, हेही सांगावं लागलं असतं. मी तारीख पुढे ढकलत गेले आणि तुम्ही लेझीम विकत बसलात. दुकानात गुणगुणणं बंद झालं. मी सूर दाखवणारं यंत्र आणलं, त्याच्या काट्यावर पेट्या लावायला लागले. तुम्ही स्टुलावर बसून बघायचा. एकदा मी पेटी पुढे करून म्हटलं, जरा ऐका. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "मशीन सांगतंय ना, बास." सहा वर्षं तुम्ही तसे बसलात आणि मग गेलात. मला याची लाज वाटते. ती कमी होईल असं वाटलं होतं, झाली नाही.

दुरुस्तीला येईल ती प्रत्येक पेटी मी गुपचूप वर आणत गेले. शाळांना सांगायचे, पावसाळ्यानं सूर हलतात. तालुका सुरात यायला बरीच वर्षं गेली. तुमची पेटी तेवढी राहिली होती, म्हणून उघडली. काळी एकच्या जिभेवर, मुळाशी, माझे पाच-सहा ओरखडे स्वच्छ दिसतात. ते तुमच्या हातचे नाहीत हे कोणीही शिकाऊ सांगेल. तुम्ही ती जीभ एकदा बाहेर काढली असती तरी कळलं असतं, पण हात लावायचा नाही असं सांगितलेलं होतं, आणि तुम्ही नाही लावलात.

ही पानं मी जुन्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिली आहेत. कुठे पाठवायची नाहीतच. आणि पाठवता आली असती, तरी मी पाठवली असती का, याची खात्री नाही. कारण परवा काय झालं तेही लिहायला हवं. तीर्थपुरीचे ते सर आले होते. रिटायर झालेत, केस पार पांढरे. नातीला बासरी घ्यायची होती. जयभीम घातला, बसले, चहा घेतला. हे सर कधी आले तर त्यांना तरी खरं सांगायचं, असं मी कितीदा ठरवलं होतं, आणि ते समोरच बसलेले. ते आपणहून म्हणाले, "अण्णासारखा माणूस न्हाई, बाई. शेवटी शेवटी कान उतरला व्हता बिचाऱ्याचा. पण आम्ही कधी मनावर घेतलं न्हाई."

मी बासरी कागदात गुंडाळत होते. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "हो सर, वय झालं होतं."

तुम्ही तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होता, अण्णा.